जळत्या घराची उपमा

आमच्या वसाहतीतील ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एखादे व्याख्यान ठेवण्याचा प्रघात आहे, आणि गेल्या पावसाळ्यात आरोग्यविम्यावर बोलावयास, त्या व्यवसायात ज्यांची उभी हयात गेली असे एक अनुभवी सद्गृहस्थ आले होते. व्याख्यान माहितीने भरलेले होते व सांगण्याची रीत सौजन्याची होती. प्रश्नोत्तरांच्या वेळी माझा धाकटा भाऊ उभा राहिला आणि त्याने विचारले की, जो मनुष्य बावीस वर्षे कारखान्याच्या समूह विम्यात होता, त्याला नोकरी सुटल्यावर, मधुमेह आहे आणि हृदयात एक स्टेंट आहे एवढ्याच कारणास्तव, कंपन्यांनी दारातही उभे करू नये, हे न्यायाला धरून आहे काय? वक्तेमहाशय क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे पाहा, जळत्या घराचा विमा कोणी उतरवीत नसतो." टाळ्या पडल्या. भाऊ खाली बसला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्या एका वाक्याला उत्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहे. कारण ते वाक्य त्या सद्गृहस्थांचे एकट्याचे नाही. विमा कंपन्यांच्या दफ्तरांत, कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांत आणि, दुःखाची गोष्ट ही की, ज्यांच्यावर उद्या हाच प्रसंग येणार आहे अशा नोकरदारांच्या मनांतही ते सिद्धान्तासारखे ठाण मांडून बसले आहे.

उपमेत तथ्यांश आहे, आणि तो नाकारून वाद घालण्यात मला स्वारस्य नाही. अनेकांच्या वर्गणीतून थोड्यांच्या आपत्तीचे निवारण करणे हे विम्याचे मूळ. तेव्हा प्रकृती ठणठणीत असेतो वर्गणी चुकवावयाची आणि छातीत कळ आली की फंडाच्या दाराशी येऊन उभे राहावयाचे, असे जर प्रत्येकजण करू लागला, तर तो फंड दोन वर्षांत आटेल व त्यात इमानेइतबारे भरणा करणाऱ्यांचे नुकसान होईल. अशा उपऱ्याला काही काळ थांबावयास लावणे, किंवा त्याच्याकडून अधिक हप्ता घेणे, मी अन्याय्य मानीत नाही. माझे म्हणणे इतकेच की, नोकरी सोडून आलेला मनुष्य हा असा उपरा नसतो. तो फंडातून बाहेर काढलेला जुना वर्गणीदार असतो. आणि त्याच्या घराला आग लागली असलीच, तर ती तो फंडात असताना, फंडाच्या डोळ्यांदेखत लागलेली असते.

माझ्या भावाचा इतिहास सांगतो, कारण तो असामान्य मुळीच नाही. १९९७ साली तो चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये रुजू झाला, आणि पहिली काही वर्षे राज्य कामगार विमा योजनेत होता. घरातले आजारपण मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयात निभावत असे. २००३ साली पगार त्या योजनेच्या तत्कालीन मर्यादेपलीकडे गेला आणि कारखान्याने त्याला खासगी समूह विम्याचे कार्ड दिले. त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन घरी आला होता, कारण रांग सुटली, आता कोणत्याही चांगल्या रुग्णालयात जाता येईल, अशी त्याची समजूत झाली होती. २०११ साली कारखान्यातच भरलेल्या तपासणी शिबिरात त्याला मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. २०१९ साली अँजिओप्लास्टी झाली, आणि तिचा खर्च त्याच समूह विम्यातून निघाला. पुढे संपूर्ण टूलरूम अन्यत्र हलविण्याचे ठरले, विभागातील सर्वांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवण्यात आला, आणि २०२५ च्या मार्चअखेर, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो मुक्त झाला. ३१ मार्चच्या रात्री बारा वाजता विमाही संपला. १ एप्रिलला मोबाइलमधले ई-कार्ड उघडेना.

आता या हकिकतीत आजार पाहून विमा घ्यावयास धावलेला मनुष्य कोठे आहे, ते वक्तेमहाशयांनी मला दाखवावे. विमाशास्त्राला ज्याचे भय वाटते ते हे की, माणूस स्वतःचे दुखणे ओळखून, कंपनीला न कळू देता, नेमक्या वेळी आत शिरेल. परंतु सेवानिवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून ठरते, मूत्रपिंडाच्या अवस्थेवरून ठरत नाही. टूलरूम हलते तेव्हा ती सगळीच्या सगळी हलते, निरोगी फिटर आणि मधुमेही फिटर एकाच दिवशी फाटकाबाहेर पडतात. मंदीत कपात होते तेव्हा यादी साहेबाच्या टेबलावर तयार होते, रुग्णाच्या बिछान्यावर नव्हे. म्हणजे ज्या एका कारणासाठी प्रतीक्षाकाळ आणि नकार ही दोन शस्त्रे विमा कंपन्यांच्या हाती दिली गेली, ते कारणच येथे उपस्थित नाही. अर्थात् नोकरी सुटल्यावर चार वर्षे स्वस्थ बसून मग येणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि त्याच्यासाठी मुदत घालावी. पण जो साठ-नव्वद दिवसांच्या आत अर्ज घेऊन येतो, त्याच्यावर संशय घेण्यास शास्त्राचाही आधार नाही.

"पण तो विमा मालकाने दिलेली सवलत होती, नोकरी गेली तशी सवलतही गेली," असे दुसरे उत्तर मिळते. हे उत्तर ऐकताना मला नेहमी आश्चर्य वाटते, कारण ज्या नेमणूकपत्रांत 'कॉस्ट टू कंपनी' म्हणून वार्षिक वेतनाचा आकडा मांडलेला असतो, त्यांतल्या पुष्कळांत विम्याचा हप्ता पगाराच्याच रकान्यात धरलेला असतो, आणि आईवडिलांना सामील करून घ्यावयाचे तर त्यांची रक्कम दरमहा पगारातून वळती होते. ज्याची किंमत श्रमाने चुकती केली, त्याला मेहेरबानी म्हणण्याची चाल मोडली पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचाही वाटा असतो, म्हणून कामगार गेला की निधी मालकाचा होतो काय? १९५२ च्या कायद्याने तो कामगाराच्या नावावर ठेवला आणि आज एका क्रमांकाखाली तो एका नोकरीतून दुसरीत त्याच्याबरोबर जातो. उपदानाचा हक्क १९७२ च्या कायद्याने दिला. उतारवयात पैसा जितका लागतो तितकेच औषधपाणी लागते, हे न समजण्याइतके आपले कायदेकर्ते अनभिज्ञ नव्हते. स्वातंत्र्यापूर्वीच, १९४३ साली, प्राध्यापक अदारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि अदारकरांच्या अहवालातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा निघाला. त्या योजनेत आजही अशी तरतूद आहे की, किमान पाच वर्षे विमाधारक राहिलेला कामगार निवृत्त झाला, किंवा त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर वर्षाला अवघे १२० रुपये भरून त्याला व त्याच्या जोडीदाराला वैद्यकीय साहाय्य मिळत राहते. तेथे मधुमेह आडवा येत नाही. माझ्या भावाच्या ध्यानात आता येते की, पेढे वाटले त्या दिवशी त्याने एक हक्क देऊन एक कार्ड घेतले होते. महिना २१,००० रुपयांच्या रेषेवर पगार गेला की आजही अनेक कामगारांच्या बाबतीत हेच घडते, आणि त्यांना ते कोणी समजावून सांगत नाही.

तिसरा आक्षेप वडीलधाऱ्या उपदेशाच्या स्वरूपात येतो: तिशीत, निरोगी असताना, स्वतःची वेगळी पॉलिसी का घेतली नाही? तरुणांना हा उपदेश अवश्य करावा, मीही करतो. परंतु ज्याला कारखाना दरवर्षी छापील कागदावर कळवीत होता की तू, तुझी पत्नी आणि मुले विम्याने संरक्षित आहात, त्याने घराचा हप्ता, मुलीचे शिक्षण आणि गावाकडील आईचा औषधखर्च भागवून उरलेल्या पैशांत त्याच जोखमीचा दुसरा विमा उतरवला नाही, यास अदूरदर्शीपणा म्हणणे सोपे आहे. ज्यांनी तो पगार हातात घेऊन महिना काढला आहे, ते म्हणणार नाहीत. शिवाय उपदेशाने भूतकाळ बदलत नाही. आज जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांच्यापुढे आजचा प्रश्न आहे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी अस्वस्थ झालो. एप्रिलमध्ये आम्ही दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अर्ज भरावयास बसलो होतो. मध्ये औषधांचा स्टीलचा डबा, त्यात मेटफॉर्मिनच्या पाकिटाशेजारी रक्त पातळ राखण्याच्या गोळ्या; समोर अर्ज, त्यात बारीक अक्षरांत विकारांची यादी आणि प्रत्येकापुढे 'होय' व 'नाही' असे दोन चौकोन. ज्या गृहस्थाने अर्ज आणून दिला त्याने जाता जाता सुचविले होते की मधुमेहापुढे 'नाही' लिहावे, स्टेंटचा तर उच्चारही करू नये. पाच वर्षे बिनबोभाट गेली की जुने उकरून काढणे कंपनीला जड जाते. भावजय म्हणाली, सगळेच असे करतात. भावाने पेन उचलले, थोडा वेळ तसेच धरून ठेवले, आणि मला विचारले, "दादा, खरे लिहू ना?" मी काय सांगणार? मी म्हणालो, खरे लिही. त्याने दोन्ही ठिकाणी 'होय' वर खूण केली, अँजिओप्लास्टीची तारीख लिहिली, डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली. पहिल्या कंपनीचा नकार नऊ दिवसांत आला: आमच्या अंडररायटिंगच्या निकषांनुसार आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही. एक ओळ. दुसऱ्या कंपनीची ओळही जवळजवळ तीच होती.

विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार आहे, असे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आले आहे, आणि आजार लपविणाऱ्याचा दावा फेटाळला जातो ते योग्यच. पण इंग्लंडात १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात हे तत्त्व मांडले, तेव्हा ते दोन्ही पक्षांना बांधील ठरविले होते. सद्भावाने सत्य सांगणाऱ्याला दार बंद, आणि लपवून पाच वर्षे पार पाडणाऱ्याला, लबाडी सिद्ध झाली नाही तर, २०२४ पासून साठ महिन्यांवर आलेल्या मुदतीचे कवच. ही व्यवस्था सद्भावाचे रक्षण करते असे म्हणवत नाही. माझ्या भावासारखी किती माणसे त्या टेबलाशी पेन धरून बसत असतील, आणि त्यांपैकी किती जणांना, केवळ घरच्यांच्या काळजीपोटी, आयुष्यातले पहिले खोटे त्या चौकोनात लिहावे लागत असेल, या विचाराने मला वाईट वाटते.

"नियम तर आहेत," असे यावर म्हणतील. आहेत, आणि त्यांचे श्रेय देणे मला कर्तव्य वाटते. १९८६ साली सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला तेव्हापासून पंचवीस वर्षे कंपनी बदलली की सगळे मुळापासून सुरू होई; १ ऑक्टोबर २०११ पासून पोर्टेबिलिटी आली आणि एका कंपनीत काढलेला प्रतीक्षाकाळ दुसरीत मोजला जाऊ लागला. आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल प्रतीक्षाकाळ १ एप्रिल २०२४ पासून ४८ महिन्यांवरून ३६ वर आला. समूहातील सभासदाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते, यास मायग्रेशन म्हणतात. येथे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. विमा नियामकाच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकात, ज्याने स्वतःची पॉलिसी सलग चार वर्षे चालविली त्याला जुन्या रकमेपुरते नव्या पॉलिसीत विनाछाननी जाऊ द्यावे असे म्हटले. पण समूहातून वैयक्तिक पॉलिसीत येणाऱ्यासाठी वेगळे वाक्य घातले की, त्याचा अर्ज अंडररायटिंगच्या, म्हणजे जोखमीच्या छाननीच्या, अधीन राहील. चार वर्षांच्या एकट्या खातेदाराला हक्क, आणि बावीस वर्षांच्या समूह सभासदाला अर्ज. या भेदाचे समर्थन मी अद्याप कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

प्रत्यक्षात तो अर्जही बहुतेकांच्या हाती पडत नाही. भावाने मनुष्यबळ विभागात विचारले, त्यांनी ब्रोकरकडे पाठविले. ब्रोकरने टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीने नेमलेल्या मध्यस्थ संस्थेकडे, बोट दाखविले. टीपीए म्हणाली की आम्ही केवळ दावे हाताळतो. विमा कंपनीच्या कचेरीत पोचेपर्यंत अर्जाची मुदत टळली होती. आणि वेळेत पोचला असता तरी, कारखान्याने बावीस वर्षांत चार वेळा विमा कंपनी बदललेली, दरवेळी ज्याची निविदा कमी त्याची. तेव्हा शेवटची कंपनी म्हणाली असती की आमच्याकडे तुमची दोनच वर्षे जमा आहेत.

कंपन्यांना परवडत नाही, ही सबब मात्र मी मान्य करीत नाही. नियामकाचे वार्षिक अहवाल कोणीही उघडून पाहावेत; मालकांनी घेतलेल्या समूह विम्यात जमा हप्त्याच्या मानाने दाव्यांवर होणारा खर्च वैयक्तिक विम्याहून अधिक असल्याचे त्यांत आढळते. तरीही त्या समूहांसाठी कंपन्यांची चढाओढ असते. हजार माणसे एका सहीत मिळतात म्हणून त्यांतले मधुमेही, हृदयरोगी, डायलिसिसवरचे, सर्व पहिल्या दिवसापासून, तपासणीवाचून घेतले जातात. त्याच हजारांतला एक जण, वयाप्रमाणे पुरा हप्ता भरण्यास तयार होऊन, एकटा आला की त्याची जोखीम असह्य होते. तेव्हा अडचण त्याच्या रक्तातल्या साखरेची नसून त्याच्या एकटेपणाची आहे. विमा पगारदारांपुरता राखून ठेवण्याचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एकदा आला होता: आयुर्विमा महामंडळाची एक मुदत-विमा योजना केवळ सरकारी, निमसरकारी व नामांकित व्यापारी आस्थापनांतील नोकरदारांसाठी होती, आणि १९९५ साली न्यायालयाने ती अट राज्यघटनेच्या १४ व्या कलमाविरुद्ध म्हणून रद्द ठरविली. तो निर्णय आयुर्विम्याविषयी व सरकारी महामंडळाविषयी होता, हे मी विसरत नाही. पण विम्यासारखी गोष्ट माणसाच्या खुर्चीला बांधून ठेवू नये, हा त्यातला विचार येथेही तितकाच लागू पडतो.

शेवटी सरकारी योजनांचे नाव निघते. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आज महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न घालता घेतले जाते, तेही स्वागतार्ह. परंतु फुले योजनेत उपचार ठरावीक यादीतले आणि रुग्णालय अंगीकृत असावे लागते. पंचावन्नाव्या वर्षी बाहेर पडलेल्याला सत्तरी गाठण्यास पंधरा वर्षे काढावयाची असतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी: तिशी-चाळिशीत, जेव्हा त्याला सर्दीखेरीज काही होत नव्हते, तेव्हाचे हप्ते खासगी कंपन्यांनी जमा करावयाचे, आणि शरीर थकल्यावर त्याला सार्वजनिक तिजोरीच्या हवाली करावयाचे, हा जमाखर्च कोणत्या नीतीत बसतो?

अमेरिकेचे उदाहरण देताना मी संकोचतो, कारण तेथील आरोग्यव्यवस्था अनुकरणीय आहे असे मला वाटत नाही. पण नोकरीशी विमा बांधण्याची चूक त्यांनी आपल्याआधी केली, आणि तीन टप्प्यांत सुधारली: १९८० च्या दशकातील कोब्रा कायद्याने वीस वा अधिक नोकर असलेल्या मालकाच्या योजनेत, नोकरी सुटल्यावरही, पुरा हप्ता व वर दोन टक्के भरून सर्वसाधारणतः अठरा महिने राहता येऊ लागले, १९९६ च्या कायद्याने, खंड ६३ दिवसांहून कमी असेल तर मागचा विमाकाळ पुढे जमा धरला, आणि २०१४ पासून आधीच्या आजारासाठी नकार देण्यास वा अधिक हप्ता लावण्यास बंदी झाली. आपल्याला इतके लांब जावयाचेही कारण नाही. कूळकायदा करताना आपण काय केले? वर्षानुवर्षे जमीन कसणाऱ्याची वहिवाट मानली, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी ती वहिवाट मालकीत परिणत झाली. सातबाऱ्यावर मालक म्हणून ज्याचे नाव नव्हते त्याच्या कष्टाचा काळ कायद्याने मोजला. समूह विम्यातला सभासद असेच एक कूळ आहे. पॉलिसी मालकाच्या नावावर, पण वर्षे याची.

म्हणून मागणी साधी आहे. नोकरी सुटल्यापासून नव्वद दिवसांत, समूह विमा चालविणाऱ्या कंपनीने, मागच्या रकमेपुरती, वयाच्या सर्वसाधारण दराने, विनाछाननी वैयक्तिक पॉलिसी दिलीच पाहिजे. मधल्या काळात कंपन्या कितीही बदलल्या असोत, समूहात काढलेले प्रत्येक वर्ष प्रतीक्षाकाळात जमा झाले पाहिजे. आणि कार्यमुक्तीच्या पत्राबरोबर, सेवेच्या दाखल्यासारखाच, विम्याच्या वर्षांचा दाखला मालकाने दिला पाहिजे. पोर्टेबिलिटीसाठी कंपन्यांनी परस्परांना माहिती पुरविण्याची सोय पूर्वीच झालेली आहे. वर्षे मोजणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के कर उठला, ही चांगली गोष्ट झाली. पण ज्याला पॉलिसीच मिळत नाही, त्याच्यापर्यंत ही सूट पोचत नाही.

भावाला अखेर तिसऱ्या कंपनीने घेतले, हप्ता चढा लावून, मधुमेह व हृदय यांना छत्तीस महिने थांबण्याच्या अटीवर. कालनिर्णयाच्या पाठीमागे त्याने तारीख लिहून ठेवली आहे. तोपर्यंत स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेतले सहा लाख बँकेत वेगळे ठेवले आहेत, ज्यांतून मुलीच्या लग्नाचा खर्च व्हावयाचा होता. दरम्यान आम्ही कारखान्याकडे लेखी अर्ज केला की २००३ पासूनच्या समूह विम्याचा, कंपनीवार आणि वर्षवार, दाखला मिळावा. असा दाखला देण्याची पद्धत नाही, असे उत्तर आले. दुसरा अर्ज काल स्पीड पोस्टाने धाडला आहे; त्यात सगळ्या विमा कंपन्यांची नावे, जुन्या कार्डांच्या प्रती आणि २०१९ च्या दाव्याचा क्रमांक, भावाने स्वतःच्या अक्षरात, ओळीने लिहून दिला आहे.